सेव्ह न झालेले डाव

पहिला रोल प्लेइंग गेम कोणता खेळलात, असं पन्नाशीतल्या जपानी माणसाला विचारलं तर तो बहुधा १९८६ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’चं नाव घेईल, आणि त्याच्या पिढीला तेवढी खूण पुरते. हाच प्रश्न वलगावच्या तिशी-पस्तिशीतल्या माणसापुढे ठेवला तर नाव सापडायला वेळ लागतो, आणि सापडलेलं नाव जगाच्या कालक्रमात नीट बसत नाही. वलगाव अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्यावर, दहाएक किलोमीटरवर, पेढी नदीच्या काठी आहे. महाराष्ट्र त्याला ओळखतो ते गाडगेबाबांमुळे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जाताना इथेच पेढीच्या पुलाजवळ त्यांनी देह ठेवला. अशा गावाच्या निमित्ताने व्हिडिओ गेमचा इतिहास मांडायचा म्हणजे कुणाला ओढूनताणून आणलेला संबंध वाटेल. पण मोठ्या शहरात वस्तू आल्या त्याच वर्षी हाती लागतात, म्हणून तिथल्या आठवणींतून वस्तूंचा इतिहास कळतो. वलगावसारख्या गावात वस्तू चालायला आणखी काय काय लागतं, ते दिसतं. माझं म्हणणं असं की इथल्या माणसाच्या अडखळण्याला नुसता उशीर म्हणता येणार नाही. खेळात सोंग घेणं वऱ्हाडाला जुनंच होतं. नवी होती ती घेतलेलं सोंग उद्यापर्यंत, पुढच्या महिन्यापर्यंत जसंच्या तसं सांभाळून ठेवणारी यंत्राची आठवण. ती आठवण माणसाच्या हाती आली तेव्हा इथे रोल प्लेइंग गेम सुरू झाला. गेम बाजारात कधी आला, हे इथे दुय्यम ठरतं.

हे पटवायचं तर या खेळाची जन्मकथा एका विशिष्ट बाजूने वाचावी लागते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये अमेरिकेत निघाला. त्यात खेळणारा एखादा योद्धा किंवा जादूगार होतो, त्याच्या ताकदीचे आकडे कागदावर असतात, आणि जसजसा तो झुंजतो तसतसे ते आकडे वाढतात. टेबलाभोवतीची मंडळी उठून घरी जातात, पुढच्या आठवड्यात परत बसतात, आणि योद्धा जिथे थांबला होता तिथूनच निघतो, कारण त्याचा कागद कुणीतरी जपून ठेवलेला असतो. हा खेळ कॉम्प्युटरवर न्यायचे प्रयत्न लवकरच सुरू झाले. इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या यंत्रणेवर १९७५ मध्ये ‘पेडिट ५’ नावाचा गेम होता. हे रुक्ष नाव अभ्यासाच्या कामासाठी दिलेल्या फाइलचं होतं; गेम तिच्यात दडवलेला होता. तरी देखरेख करणाऱ्यांनी तो ओळखला आणि पुसून टाकला. सामायिक यंत्रावर खेळणाऱ्याची कमाई कशी जाते, याचं हे बहुधा पहिलं उदाहरण; पुढे नेट कॅफेच्या संदर्भात ते पुन्हा आठवावं लागेल. १९८१ मध्ये ‘अल्टिमा’ आणि ‘विझर्ड्री’ आले, आणि खेळणाऱ्याचं पात्र फ्लॉपीवर राहू लागलं. जपानच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ची अडचण मात्र वेगळी होती. निन्टेन्डोच्या फॅमिकॉममध्ये कॅसेटवर काही लिहून ठेवायची सोय नव्हती, म्हणून युजी होरी यांच्या चमूने एक युक्ती काढली. राजाला जाऊन भेटलं की तो वीस अक्षरांचा एक मंत्र सांगतो. पोरांनी तो वहीत उतरवायचा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरायचा. पुढच्याच भागात हा मंत्र बावन्न अक्षरांपर्यंत गेला. एक अक्षर चुकलं की आठवड्याची मेहनत गेली. त्यानंतर कॅसेटच्या पोटात नाण्याएवढा सेल बसवायची पद्धत आली. टीव्ही बंद असतानाही तो सेल आठवण जिवंत ठेवी. ‘फायनल फँटसी’ (१९८७) अशाच सेलवर चालला आणि ‘पोकेमॉन’ (१९९६) सुद्धा. म्हणजे या प्रकाराचा इतिहास हा कागद, फ्लॉपी, मंत्र आणि सेल यांचा इतिहास आहे. राक्षस आणि तलवारी सगळ्याच प्रकारच्या गेममध्ये होत्या.

आता वऱ्हाडाकडे वळू. नव्वदच्या दशकात मध्यमवर्गीय घरात जो व्हिडिओ गेम शिरला तो बहुतेक फॅमिकॉमची नक्कल होता, आणि सोबत येणाऱ्या पिवळ्या-काळ्या कॅसेटवर चौसष्ट, नव्याण्णव, कधी नऊ हजार नऊशे नव्याण्णव गेमची जाहिरात असे. प्रत्यक्षात तेच वीस-तीस गेम फिरून फिरून येत. त्या कॅसेटमध्ये सेल नव्हता. स्वस्त माल विकायचा तर तो घालणं परवडण्यासारखंही नव्हतं, आणि सेल नसलेल्या कॅसेटवर ‘फायनल फँटसी’सारखा गेम देऊन उपयोग नव्हता. म्हणून ‘मारिओ’ आला, ‘कॉन्ट्रा’ आला, आणि ज्या गेममध्ये महिनाभर एकच पात्र वाढवायचं ते सगळे गेम वाटेतच गळाले. ‘मारिओ’त बत्तीस टप्पे आहेत, पण वीज गेली की पहिल्यापासून. शाळेच्या संगणक कक्षात ‘डेव्ह’ आणि ‘प्रिन्स’ होते. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’त राजकन्येला सोडवायला मुळातच एक तास दिलेला, म्हणजे तो तासिकेच्या मापात बसणारा. नाणं टाकायच्या पार्लरमध्ये कॅपकॉमचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ (१९९३) होता, आणि भारतभर पोरांनी त्याला त्यातल्या एका पात्राच्या नावाने ‘मुस्तफा’ म्हणायला सुरुवात केली. या नामकरणाला मी मोठा पुरावा मानतो. चार पात्रांमधून एक निवडून आख्ख्या गेमला त्याचं नाव देणारी पोरं भूमिकेत शिरत नव्हती, असं कोण म्हणेल? ती पुरेपूर शिरत होती. पण नाणं संपलं की मुस्तफाही संपायचा, आणि दुसऱ्या दिवशीचा मुस्तफा कालच्या मुस्तफापेक्षा एका रतीनेही शहाणा नसायचा.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. भूमिका घेऊन खेळणं आपल्याकडे जुनंच असेल, तर स्मृती यंत्राने आणली असं कशाला म्हणायचं? भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडातल्या मुली भुलाबाई मांडतात. पार्वतीची भुलाबाई, शंकराचा भुलोजी, आणि रोज संध्याकाळी टाळ्यांवर गाणी. त्या गाण्यांतली मुलगी सासरी असते, माहेरची वाट बघते, सासूशी, नणंदेशी तिचा वाद असतो. सात-आठ वर्षांची पोर ती सून होऊन गाते आणि शेवटी खिरापत ओळखण्याची चुरस लागते. हा महिनाभर चालणारा, भूमिका घेऊन खेळायचा खेळच आहे, आणि त्यात कालचं आज पुढे चालतं. दारोदार फिरणारा रायरंद आज पोलिस, उद्या साधू होऊन येतो आणि गाव त्याच्याशी तसंच बोलतं. गाडगेबाबांच्या कीर्तनातही श्रोता मुकाट बसलेला नसे. बाबा वऱ्हाडीत प्रश्न टाकत आणि उत्तर समुदायाकडून वदवून घेत, म्हणजे प्रत्येक श्रोत्याला त्या कीर्तनात एक पात्र मिळे. हे सगळं खरं आहे, आणि माझ्या म्हणण्याला ते मारक नसून आधारच देतं. भुलाबाईची आठवण मुलींच्या मेळ्यात राहते. काल कोणतं गाणं झालं, कुणाच्या घरची खिरापत कुणी ओळखली, हे मेळा लक्षात ठेवतो. एकट्या मुलीला तो खेळ पुढे नेता येत नाही. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्येही आठवण टेबलाभोवतीच्या मंडळींची आणि त्यांच्या कागदांची. कॉम्प्युटरवरच्या गेमने ही मंडळी काढून घेतली आणि त्यांच्या जागी सेल ठेवला. एकट्याने, कुणाला न सांगता, एक सोंग वर्षभर वाढवायची सोय त्यामुळे झाली. वऱ्हाडाला ही एकट्याची सोय नवीन होती. अमरावतीचीच दुसरी परंपरा पाहिली तरी हे लक्षात येतं. १९१४ मध्ये सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा संघ १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला गेला होता. आखाड्यातही माणूस रोज थोडा थोडा वाढतो, पण ती वाढ त्याच्या अंगात साठते. पडद्यावरच्या पात्राच्या अंगात साठलेली कमाई कुठेतरी ठेवायला जागा लागते.

जागेचा हा प्रश्न नेट कॅफेत उघडा पडला. ‘जीटीए व्हाइस सिटी’ २००३ मध्ये आणि ‘सॅन अँड्रियास’ २००५ मध्ये कॉम्प्युटरवर आले, आणि पुढची कितीतरी वर्षं छोट्या शहरांतल्या कॅफेंमध्ये तासाच्या दराने खेळले गेले. जाणकार लगेच म्हणतील की हे रोल प्लेइंग गेम नव्हेत. विक्रेत्यांच्या वर्गवारीत नाहीत, हे मान्य. पण ‘सॅन अँड्रियास’चा नायक जास्त खाल्लं की सुटतो, व्यायामशाळेत गेला की त्याचे दंड भरतात, गाडी चालवून चालवून त्याचा हात बसतो, दम वाढतो. वागण्यातून पात्र घडणं हा या प्रकाराचा कणा मानला, तर तो कणा या गेममध्ये आहे, आणि वऱ्हाडातला कुणी त्यालाच आपला पहिला रोल प्लेइंग गेम म्हणत असेल तर त्याला हसायचं कारण नाही. प्रश्न वर्गवारीचा नाहीच. या गेममध्ये सेव्हसाठी आठ जागा असतात. घरच्या कॉम्प्युटरवर एका माणसाला आठ म्हणजे चैन. कॅफेतल्या कॉम्प्युटरवर मात्र त्या आठ जागांवर सगळ्या मोहल्ल्याचा हक्क, आणि आपल्या नायकाने महिन्यात कमावलेल्या दंडांवर दुपारच्या पुढच्या गिऱ्हाइकाचा खेळ सेव्ह होऊन बसणार. काही कॅफेंत तर कॉम्प्युटर बंद करून चालू केला की सगळं मूळपदावर आणणारी व्यवस्था असे, व्हायरसच्या भीतीने. ‘प्लेटो’वर पुसला गेलेला तो गेम आणि ही आठ जागांची खेचाखेच, दोन्हींचं कारण एकच: यंत्र सामायिक, आणि कमाई एकट्याची. वलगावहून अमरावतीला शाळा-कॉलेजला येणाऱ्या मुलाच्या हातात शिवाय परतीच्या एसटीची वेळ. तासाचं भाडं आणि गाडीची वेळ, अशी दोन घड्याळं लावून वाढवायचं पात्र वाढत नाही.

मग त्या पोरांनी काय केलं, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत बोलकं वाटतं. त्यांनी चीटकोड वहीत उतरवले. ‘व्हाइस सिटी’त ‘पँझर’ असं टाइप केलं की रणगाडा समोर उभा राहतो. ‘सॅन अँड्रियास’मध्ये ‘हेसोयाम’ टाइप केलं की तब्येत भरते, चिलखत मिळतं आणि खिशात अडीच लाख डॉलर येतात. या अक्षरांच्या याद्या वहीच्या मागच्या पानांवरून, झेरॉक्सवरून हातोहात फिरल्या. शिक्षकांना आणि पालकांना त्यात लबाडी दिसली असेल. मला त्यात भाड्याच्या तासाचं बिनचूक गणित दिसतं. जे जपून ठेवता येत नाही ते कमवण्यात वेळ घालवणं परवडत नाही. तेव्हा कमाई वगळून थेट शेवटच्या थाटात उतरायचं. १९८६ च्या जपानी मुलाची वही आणि वीस वर्षांनंतरच्या अमरावतीच्या मुलाची वही शेजारी ठेवून बघाव्यात. दोन्हींत अर्थ नसलेली अक्षरं काळजीपूर्वक उतरवलेली. एकीतली अक्षरं कालच्या ठिकाणी परत जाण्यासाठी, दुसरीतली कालचं काहीच उरलेलं नाही म्हणून. रोल प्लेइंग गेम वऱ्हाडात त्या दिवसांत का रुजला नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

घरी कॉम्प्युटर असणाऱ्यांचं काय, असं विचारलं जाईल. त्याचं उत्तर वीज मंडळाकडे आहे. २००५ पासूनची काही वर्षं ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाला बारा-बारा तासांचं भारनियमन होतं. मुंबई शहर त्यातून वगळलेलं होतं. पुण्याने २००६ मध्ये उद्योगांच्या स्वतःच्या जनित्रांची वीज वापरून आणि ग्राहकांवर जादा आकार लावून सुटका करून घेतली. ‘पुणे मॉडेल’ म्हणून ते गाजलंही. अमरावती जिल्ह्यातल्या गावांना असं मॉडेल मिळालं नाही. गेम खेळता येणं-न येणं ही विजेच्या तुटवड्यातली सर्वांत किरकोळ तक्रार, हे मी मान्य करतो. ज्या वर्षांत पिकाला पाणी द्यायला शेतकरी रात्री-अपरात्री पंपावर जात होता, त्या वर्षांबद्दल आपण बोलतो आहोत. तरीही एकाच राज्यात, एकाच वर्षी, एकाच गेमची आठवण पुण्यात एक आणि वलगावात दुसरी का, याचा खुलासा आवड आणि ऐपत एवढ्याने होत नाही. सेव्ह करायच्या जागेपर्यंत पोचण्याआधी दिवे जात असतील तर गेमही जातो.

दुसरी अट भाषेची. ‘मारिओ’ला वाचता येण्याची गरज नाही. रोल प्लेइंग गेम मात्र वाचूनच खेळायचा असतो. गावातला म्हातारा काय सांगतो ते कळलं नाही तर पुढचा रस्ता सापडत नाही, आणि मराठीत असा एकही गाजलेला गेम त्या काळी नव्हता. मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून होतं. पहिलीपासून ते २००० साली आलं. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुलं दशकाच्या शेवटी मॅट्रिकच्या तोंडाशी होती, आणि आधीच्या मुलांपेक्षा चार इयत्ता आधी त्यांची इंग्रजी अक्षरांशी गाठ पडली होती. याचा अर्थ ती फाडफाड इंग्रजी वाचत होती असा नाही. पण ‘फाइट’, ‘बॅग’, ‘रन’ एवढ्या शब्दांवर ‘पोकेमॉन’ची निम्मी लढाई चालते, आणि तेवढे शब्द आता परके राहिले नव्हते. शिवाय २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर ‘पोकेमॉन’ हिंदीतून सुरू झालं होतं. म्हणजे भूमिका आधी टीव्हीवर पाहून पाठ झाली होती, तिच्यात शिरायचं दार तेवढं नव्हतं.

ते दार फोनने उघडलं. स्वस्त अँड्रॉइड फोन हाती आले आणि त्यांच्यावर निन्टेन्डोच्या गेमबॉय या हातात धरायच्या जुन्या यंत्राची नक्कल करणारी ॲप्स चालू लागली, तेव्हा २००४ चा ‘पोकेमॉन फायररेड’ आणि त्याच वर्षीचा ‘एमराल्ड’ कितीतरी उशिरा, पण पूर्णपणे, इथल्या मुलांचे झाले. या गेमची फाइल १६ एमबीची. जिओ येण्याआधीच्या, मोजून मापून डेटा वापरायच्या दिवसांतही एवढी फाइल मेमरी कार्डवरून, ब्लूटूथवरून हातोहात जाई. फोनला स्वतःची बॅटरी, म्हणून भारनियमनाचा जाच संपला, भाडं नाही, एसटीतही खेळता येतो, आणि ही नक्कल करणारी ॲप्स कुठल्याही क्षणी गेम गोठवून जसाच्या तसा पुन्हा उघडू देतात, जी सोय मूळ गेमबॉयलाही नव्हती. सेव्हच्या सगळ्या अडचणी एकदम सुटल्या. आणखी एक गोष्ट झाली, जिची दखल फारशी घेतली जात नाही. पार्लर आणि कॅफे ही पोरांची ठिकाणं होती. मुलींचा तिथे वावर नव्हता किंवा नावापुरता होता. घरातल्या फोनवर गेम आला तेव्हा भुलाबाईत सून होऊन गाणाऱ्या मुलीला पहिल्यांदाच एकटीने, तिच्या मनाप्रमाणे, दुसरं सोंग घ्यायची मोकळीक मिळाली. फोन भावाचा असेल, वेळ चोरलेला असेल, तरी सेव्ह तिची होती.

या मांडणीवर दोन आक्षेप उरतात. पहिला असा की आठवणींवर इतिहास रचू नये. माणसं सालं चुकतात, गेमची नावं एकमेकांत मिसळतात. खरं आहे. पण पहिल्या खेळाच्या आठवणीत नाव आणि साल कच्चं असलं तरी परिस्थिती सहसा पक्की असते: कुणाचा फोन, कुणाची कॅसेट, कुठल्या दुकानात, वीज गेली तेव्हा काय झालं. सालं कंपन्यांच्या दफ्तरात सापडतील. परिस्थिती मात्र माणसांकडेच आहे, आणि या इतिहासाला तीच हवी. दुसरा आक्षेप कायद्याचा. त्या नकली कॅसेट, ते डाउनलोड केलेले गेम, सगळा चोरीचा माल. त्याचं समर्थन मी करणार नाही. करणाऱ्यांच्या मेहनतीचे पैसे बुडाले, हे बुडालेच. परंतु ज्या कंपनीने इथे दुकान मांडलं नाही, इथल्या भाषेत एक ओळ लिहिली नाही, तिच्या मालाची मोजदाद केली तर हा भाग नकाशावर कोरा दिसतो, आणि तो कोरा नव्हता. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम काढला, प्राचीन भारताच्या पार्श्वभूमीवर, भावाला शोधणाऱ्या बहिणीचा. असे खेळ बनवणारी आणि विकत घेणारी पिढी कोऱ्या जागेतून उगवत नाही.

म्हणून जमवायचं असेल तर हे साहित्य आत्ताच जमवायला हवं. जपान-अमेरिकेतल्या जुन्या कॅसेटमधले सेल पंधरा-वीस वर्षांत संपतात आणि त्यांच्यावरची पात्रं कायमची जातात. तिथे याची खंत करणारे पुष्कळ आहेत. वऱ्हाडात चीटकोडच्या वह्या रद्दीत गेल्या असतील, काही माळ्यावर असतील. ‘फायररेड’च्या १६ एमबीच्या फाइलशेजारी आणखी एक छोटी फाइल बनते, १२८ केबीची, आणि ती बंद पडलेल्या फोनच्या मेमरी कार्डवर अजून असू शकते. गेमच्या सुरुवातीला एक म्हातारा प्राध्यापक नाव विचारतो. उत्तराला रोमन लिपीतली सात अक्षरं मिळतात. ज्ञानेश्वर त्यात मावत नाही, भाग्यश्री मावत नाही. आठव्या अक्षराला जागा नसते आणि नाव आखूड करून लिहावं लागतं. काय आखूड केलं, घरी हाक मारायचं नाव घातलं की टीव्हीवरच्या नायकाचं, हे त्या १२८ केबीत लिहिलेलं आहे, आणि त्याच्या खाली खेळलेले तास आणि मिनिटंही.